उन्हाळ्यात ‘उष्ण पडणाऱ्या’ गोळ्या बंद कराव्यात का?

वाचकाचं पत्र

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात राहतो, घर टिनाचं आहे. माझे दीर ३४ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून त्यांना बायपोलर आजार आहे. लिथियम, ओलान्झापिन आणि ट्रायहेक्सीफेनिडिल अशा तीन गोळ्या चालू आहेत आणि त्यांच्यावर ते छान असतात. मालवाहू गाडी चालवतात, माल चढवतात-उतरवतात. एप्रिल लागला की त्यांचं तोंड कोरडं पडतं, अंगाची आग होते, घाम येत नाही. सासूबाई म्हणतात, औषधं उष्ण पडतात, उन्हाळ्यात बंद ठेवायची. गेल्या वर्षी मे महिन्यात बंद केली आणि जूनमध्ये दवाखान्यात भरती करावं लागलं. यंदा अर्धी तरी कमी करू, असं घरात चाललंय. सासूबाईंना बीपी असल्याने आमचा सगळ्यांचा स्वयंपाक कमी मिठाचा असतो. दिरांचं डोकं दुखलं की ते मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतात. काय करावं? एसी घेण्याची ऐपत नाही.

उत्तर

ताई, गोळ्या बंद करू नका आणि घरच्या घरी अर्ध्याही करू नका. पण सासूबाईंचं म्हणणं उडवूनही लावू नका, कारण त्यांना जे दिसतंय ते खरं आहे. या गोळ्या आणि विदर्भातला उन्हाळा यांचं खरोखरच जमत नाही. उपाय मात्र गोळ्या सोडण्याचा नाही. गोळ्यांभोवतीचा उन्हाळा बदलायचा आहे: मीठ, पाणी, कामाच्या वेळा, झोपायची जागा आणि वेळेवर रक्ततपासणी.

आधी पत्रातल्या दोन गोष्टी, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. एक म्हणजे मेडिकलमधली दुखण्याची गोळी, दुसरी कमी मिठाचा स्वयंपाक.

मूत्रपिंड लिथियमला जवळजवळ मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही बाहेर न टाकता परत आत घेतं. म्हणजे गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी वाढलेली. लिथियमची अडचण अशी की उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं. बहुतेकांसाठी ०.६ ते १.० (मिलीमोल प्रति लिटर, अहवालात mmol/L किंवा mEq/L) ही ठीक पातळी, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, काहींना त्याच्या आतही. आता मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा: माल उतरवताना अंगातलं पाणी आणि मीठ गेलेलं, घरचं जेवण अळणी, आणि वरून डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. या गटातल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं आणखी कमी करतात. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात जुळून आल्या की पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते.

म्हणून डोकेदुखीसाठी फक्त साधी पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची. एका वेळी एक किंवा दोन, दोन वेळांमध्ये किमान सहा तास, दिवसभरात सहापेक्षा जास्त नाही. यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही नाही. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावा. आपल्याकडे पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक घातलेल्या एकत्रित गोळ्या फार चालतात आणि काउंटरवर ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हटलं की बहुधा त्याच मिळतात. ‘लिथियम चालू आहे, नुसती पॅरासिटामॉल द्या’ हे वाक्य दिरांना पाठ असू द्या. आणि उन्हात दुखणारं डोकं पुष्कळदा पाणी कमी पडल्याने दुखत असतं, म्हणून गोळीच्या आधी सावली, पाणी आणि अर्धा तास आराम.

मिठाचं सोपं आहे. वरण-भाजीत मीठ घालण्याआधी सासूबाईंचा वाटा वेगळा काढा, मग बाकीच्यांसाठी नेहमीसारखं मीठ घाला. दिरांनी मीठ जास्तही खाऊ नये. एकदम वाढवलं तर लिथियम भराभर निघून जातं आणि पातळी खाली येते. पाहिजे ते इतकंच, की मिठाचं प्रमाण रोज साधारण सारखं राहावं. बाजारात ‘कमी सोडियम’चं मीठ मिळतं ते दिरांच्या ताटात नको, आणि सासूबाईंनीही डॉक्टरांना विचारूनच वापरावं, कारण त्यात पोटॅशियम असतं. सासूबाईंची बीपीची गोळी दिरांना चुकूनही देऊ नका. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दोन्ही लिथियमची पातळी वाढवतात.

आता अंगाच्या आगीचं. तोंड कोरडं पडणं आणि घाम न येणं हे मुख्यतः ट्रायहेक्सीफेनिडिलचं काम. ओलान्झापिनसारख्या औषधांनी हातापायांना ताठरपणा किंवा कापरं येऊ नये म्हणून ती देतात, पण घामाच्या ग्रंथींना मिळणारा संदेशही ती अडवते. घाम आला नाही तर अंग थंड व्हायचा आपला सर्वांत मोठा मार्गच बंद होतो. ओलान्झापिनचा स्वतःचाही थोडा वाटा असतो. मेंदूतला जो भाग अंगाचं तापमान सांभाळतो, त्याच्यावर या गटातल्या औषधांचा परिणाम होतो. आता महत्त्वाची गोष्ट: ट्रायहेक्सीफेनिडिल सगळ्यांना कायम लागत नाही. पुष्कळांची ती काही महिन्यांनी हळूहळू कमी करता येते. कमी करण्यासारखी गोळी असलीच तर ती ही आहे, लिथियम नाही. हा निर्णय डॉक्टरांचा. एकदम सोडली तर त्रास होतो, म्हणून तीही मनाने थांबवू नका. पण प्रश्न जरूर विचारा: ‘ही गोळी अजून लागते का? उन्हाळ्याआधी कमी करून बघता येईल का?’

लिथियम अचानक बंद केल्यावर उन्मादाचा झटका (बायपोलरमधला अति उत्साहाचा टप्पा) परत येण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जास्त असतो. तुमच्याकडे मे महिन्यात गोळ्या सुटल्या आणि जूनमध्ये भरती करावं लागलं, हे त्याच्याशी जुळतं. सासूबाईंना समजावताना हे दोन महिने त्यांच्यापुढे मांडा.

भेट फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या, एप्रिलची वाट बघू नका. रक्तात लिथियम, क्रिएटिनिन, सोडियम, थायरॉइड आणि कॅल्शियम तपासून घ्या. लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात: रात्री ९ ची गोळी असेल तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. पुष्कळ अहवाल इथेच चुकतात. गोळी घेऊन दोन तासांत रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि विनाकारण डोस कमी होतो. मे महिन्याच्या मध्यावर पुन्हा एकदा तपासा. डोस बदलला तर पाच-सात दिवसांनी परत.

पाण्याबद्दल जो सल्ला सगळीकडे ऐकू येतो तो या औषधांवर फसतो, म्हणून इथे जरा थांबते. ‘लघवी पिवळी दिसली तर पाणी प्या, पांढरी असेल तर ठीक’ असं सांगतात. लिथियम घेणाऱ्या बऱ्याच लोकांचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. त्यांना लघवी भरपूर आणि पाण्यासारखी होते, अंगात पाणी कमी असतानासुद्धा. त्यामुळे रंग बघून निर्धास्त होऊ नका. घाम येतोय की नाही, यावरूनही अंदाज बांधता येत नाही, कारण तो औषधाने अडवलेला आहे. तहानही खूणगाठ म्हणून कच्ची, कारण तोंड तसंही कोरडंच असतं.

त्याऐवजी वजनकाटा वापरा. कामावर जाताना आणि आल्यावर, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं. एका दिवसात कमी झालेलं एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. ६० किलोच्या माणसाचं १ किलो २०० ग्रॅमने वजन उतरलं असेल तर पाणी कमी पडलं, असं समजा. तेवढं संध्याकाळभरात थोडं थोडं करून भरून काढायचं आणि उद्या कामात जास्त प्यायचं. आल्यावर वजन वाढलेलं निघालं, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झालंय.

उन्हात काम चालू असताना दर १५ ते २० मिनिटांनी एक फुलपात्र, म्हणजे २०० मिलीच्या आसपास. तासाला दीड लिटरच्या वर कधीच नाही. नुसतं पाणी लिटरच्या लिटर पोटात ढकललं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यातूनही गोंधळल्यासारखं होतं, झटके येऊ शकतात. पाण्याबरोबर ताक, पन्हं, पातळ आंबील, सातूचं सरबत यांतून मीठ आणि थोडी साखर जाते, तीच या दिवसांची खरी जुनी व्यवस्था आहे. कांदा जेवणात खावा. खिशात ठेवल्याने ऊन लागायचं थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस रोज प्यायची गरज नाही. जास्त काम पडलं किंवा वजन उतरलं त्या दिवशी २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट असं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. खोक्यातली गोड फळपेयं ओआरएस म्हणून विकली जायची, त्यांत साखर फार असते. ती घेऊ नका.

चहा रोज जेवढा तेवढाच ठेवा. चहा-कॉफीने लिथियम थोडं जास्त बाहेर जातं, म्हणून ‘उन्हाळा आहे, चहा बंद’ असं एकदम केलं तर पातळी वर सरकते. निर्जळी उपवास दिरांनी करू नये, ज्येष्ठातली निर्जला एकादशीसुद्धा. दारू या तीन गोळ्यांबरोबर कोणत्याच ऋतूत नको.

कामाच्या वेळा बदलणं अवघड आहे, पण त्याचा उपयोग सर्वांत जास्त. चढ-उतार सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात चालवणं, बिलं, हिशोब. मालकाला आजार सांगायची गरज नाही, ‘उन्हात त्रास होतो, डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं पुरे. दुपट्टा ओला करून मानेवर आणि डोक्यावर घ्यायचा, वाळला की परत भिजवायचा. घाम येत नाही ना, मग घामाचं काम बाहेरच्या पाण्याने करायचं. शर्टही ओला चालेल. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे फार चांगलं काम करतं.

शरीराला उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात आणि आठवडाभर काम सुटलं की ती उतरायला लागते. आजारपणातून किंवा लग्नकार्यातून परत आल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकंच जड काम, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं. कामावर ऊन लागणारी माणसं बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतलीच असतात.

घराचं आता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या जूनमध्ये जी भयंकर उष्णता पडली, तिच्यात ६१९ माणसं गेली, आणि त्यांतली ९८ टक्के घराच्या आत. रस्त्यावर नाही, शेतात नाही. कोणत्या आजारांचा या मृत्यूंशी जास्त संबंध दिसतो, ते तिथल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा हृदयविकार किंवा मधुमेहापेक्षा स्किझोफ्रेनियाचा संबंध जास्त निघाला. धोका सुमारे तिप्पट. औषधं, एकटेपणा, तापलेली खोली आणि ‘मला त्रास होतोय’ हे वेळेत न सांगता येणं, सगळं त्यात आलं. दिरांचा आजार वेगळा आहे, पण औषधं त्याच घराण्यातली. म्हणून ते घरी आले म्हणजे उन्हातून सुटले, असं धरू नका.

भिंतीला न टेकेल असा एक साधा तापमापक त्यांच्या बाजेजवळ टांगा. पंखा कधीपर्यंत उपयोगी पडतो, हे सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं: तरुण निरोगी माणसाला ३९ अंशांपर्यंत, ६५ वर्षांवरच्यांना ३८ पर्यंत आणि घाम अडवणारी औषधं घेणाऱ्या वयस्कांना ३७ पर्यंत. त्याच्या वर पंखा गरम हवा अंगावर मारतो आणि अंग आणखी तापवतो. दिरांचं वय कमी आहे, पण घाम अडवणारी गोळी चालू आहे, म्हणून ३७ ची रेघ धरा. टिनाच्या घरात दुपारी ती सहज ओलांडली जाते. त्या वेळी कोरड्या अंगावर पंखा नको. अंग ओलं करून, ओला पंचा पांघरून पंखा लावा.

एसी नसला तरी चालेल. चंद्रपूरच्या हवेत कूलर मे अखेरपर्यंत उत्तम चालतो, फक्त तो नीट लावलेला हवा. खिडकीत असा बसवा की बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो. तासाभरात खोली दमट होते आणि अंगाला काहीच गारवा लागत नाही. क्षारांच्या पाण्याने जाळीतला भुसा किंवा वाळा कडक होतो, तो मोसमाच्या सुरुवातीला बदला. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डासांची पैदास तिथेच. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) संपून पावसाळी दमट हवा आली की कूलर थांबवून पंख्यावर या.

टिनावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) किंवा कडबा टाकतात. गारवा मिळतो, पण विजेची तार किंवा चूल जवळ असेल तर आगीचं भय मोठं. त्यापेक्षा टिनाच्या फूटभर वर बांबूंवर हिरवी जाळी ताणा. मधून वारा खेळला पाहिजे. जाळी टिनाला चिकटली तर फायदा निम्मा. खर्च परवडत असेल तर पांढरा उष्णतारोधक रंग, मात्र टिन घासून, गंज काढून. साधा चुना सिमेंटच्या गच्चीवर टिकतो, टिनावरून पोपडे निघतात. टिनाची एक जमेची बाजू आहे: ते रात्री लवकर निवतं, स्लॅबसारखं पहाटेपर्यंत आग ओकत नाही.

आणि रात्र या आजारात फार मोलाची. झोप तुटणं हे उन्मादाच्या झटक्याचं जुनं, पक्कं कारण आहे, आणि मे महिन्यात चंद्रपुरात झोप सगळ्यांचीच तुटते. दिरांची बाज घरातल्या सगळ्यात गार जागी टाका, अंगणात मच्छरदाणी लावून असली तरी चालेल. झोपण्याआधी अंघोळ, साध्या पाण्याने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती तास झोपले ते लिहा. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरीही सकाळी दांडगा उत्साह, बोलणं वाढलेलं, पैसे उडवणं सुरू, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री-बेरात्री कुणी मिळालं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर २४ तास मराठीत बोलता येतं.

सुरुवातीला गोळ्या बंद करू नका म्हटलं, त्याला एकच अपवाद आहे. हात नेहमीपेक्षा जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जातोय, जीभ जड झालीय, उलट्या-जुलाब लागलेत, ग्लानी येतेय, अशी लक्षणं दिसली तर लिथियमची पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन लिथियमची पातळी तपासायला सांगा. दुसऱ्या कारणाने उलट्या-जुलाब झाले तरीही हाच नियम, कारण पाणी गेलं की पातळी वाढतेच.

उष्माघात वेगळा आणि त्याहून घाईचा. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, ओळख पटत नाही किंवा शुद्ध हरपते. या आजारात घरच्यांना हे आजाराचंच वेड वाटतं, आणि तिथे वेळ जातो. उन्हाळ्यात अंग तापलेलं असताना माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात असं धरूनच चाला. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतत राहा आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. अंग लाकडासारखं ताठ झालं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ओलान्झापिनसारख्या औषधांमुळे क्वचित असाच ताप आणि ताठरपणा येतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

गोळ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टिनाखालच्या फळीवर ठेवू नका. बहुतेक पाकिटांवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. बंद डब्यात घालून डबा माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा, ओल लागणार नाही असा.

पावसाळा स्थिरावला आणि ऊन कमी झालं की जूनअखेरीला किंवा जुलैत लिथियमची पातळी आणखी एकदा बघा. उन्हाळ्यात डॉक्टरांनी डोस कमी केला असेल तर तो आता कमी पडू शकतो.